चेन्नईच्या वसंतातील नेहमीचे पक्षी

थंडी सरली की वसंत येतो, ही आपली रूढ समजूत चेन्नईस लागू पडत नाही. तेथे सरावी अशी थंडीच नसते. महाराष्ट्रात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. चेन्नईस मात्र वर्षाच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे मिळतो. पिलांना पुरेसे अन्न ज्या काळात मिळेल, त्या काळात पक्षी घरटी करतात. म्हणून मार्च महिन्यात या प्रदेशात दोन भिन्न दृश्ये एकाच वेळी पाहावयास मिळतात: शहरातील पक्षी घरट्यांच्या तयारीस लागलेले असतात, तर खेड्यातील तळ्यांवर पिले उडण्याच्या बेतात असतात.

पक्षी ओळखण्यासाठी प्रथम त्याच्या आकाराचा अंदाज घ्यावा. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार ही चार मापे मनाशी ठेवली की पुरे. त्यानंतर चोच, शेपटी आणि आवाज यांकडे लक्ष द्यावे.

शहरात सर्वांत आधी कानी पडतो तो कोकीळ. गाणारा पक्षी कोकिळा, म्हणजे मादी, असे पुष्कळांस वाटते. पण ती लांबवर ऐकू येणारी 'कुहू' नराची असते. नर काळाभोर व लाल डोळ्यांचा असून मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची असते. ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. म्हणून ज्या झाडावर कावळ्याचे घरटे असेल, त्याच्या आसपास ती दडलेली आढळते.

भर दुपारी तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा 'टुक्‌ टुक्‌' असा एकसारखा आवाज येतो, तो तांबटाचा. हा हिरवा, तांबड्या कपाळाचा पक्षी चिमणीहून थोडा मोठा असतो. वड-पिंपळाची फळे हे त्याचे आवडते खाद्य. वाळलेल्या फांदीत चोचीने बीळ कोरून तो घरटे करतो. बागेतील वाळकी फांदी निरुपयोगी म्हणून तोडली जाते, तेव्हा तांबटाचे घरही जाते.

महाराष्ट्रातून गेलेल्या निरीक्षकास तेथील सातभाई निराळे वाटतील. त्यांचे डोके फिकट पांढुरके असते. दक्षिण भारत व श्रीलंका एवढ्याच प्रदेशात ते आढळतात. पाचोळा उलथीत, कलकलाट करीत हिंडण्याची रीत मात्र तीच. हिवाळ्यात चेन्नईच्या गर्द झाडीत येणारा नवरंग या सुमारास उत्तरेच्या वाटेस लागतो. पावसाच्या तोंडावर कोकणात ज्याची शीळ ऐकू येते, तो हाच पक्षी.

शहरापासून सुमारे 80 किलोमीटरवर वेडन्तांगल हे खेडे आहे. तमिळमध्ये या नावाचा अर्थ 'शिकाऱ्याची वाडी' असा होतो. परंतु त्याची ख्याती आहे ती पक्ष्यांच्या रक्षणाबद्दल. पक्ष्यांवर बंदुका चालविणाऱ्या गोऱ्या शिपायांविरुद्ध ग्रामस्थांनी तक्रार केली आणि 1798 मध्ये कलेक्टर लायोनेल प्लेस यांनी संरक्षणाचा कौल दिला, असे सांगतात. या आस्थेमागे व्यवहारही होता. पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, बगळे आणि पाणकावळे दाटीने घरटी करतात. त्यांची विष्ठा तळ्यात पडते आणि तेच पाणी शेतास खतासारखे उपयोगी पडते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो व तळे लवकर आटते, त्या वर्षी घरटी ओस पडतात आणि शेतेही या खताच्या पाण्यास मुकतात.

शहराच्या दक्षिणेस असलेली पल्लिकरणै येथील दलदलही अशीच पाण्यावर जगते. तेथे झोळीवाले आणि रोहित पक्षी उतरतात. पूर्वी ही दलदल कितीतरी विस्तीर्ण होती. वस्ती, रस्ते आणि कचरा यांनी तिचा मोठा भाग गिळला. 2022 मध्ये तिला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. पक्ष्यांसाठी राखलेली ही भूमी पावसाचे पाणीही सामावून घेते, हे पुराच्या दिवसांत शहरवासीयांच्या ध्यानी येते.

निरीक्षकाने एक वही ठेवावी. पहिली कुहू कोणत्या दिवशी ऐकली, तांबटाने कोणती फांदी निवडली, तळ्यात पाणी किती होते, हे त्यात तारखेनिशी लिहावे. काही वर्षांच्या अशा नोंदी जमल्या म्हणजे पक्ष्यांचा वसंत पंचांगाप्रमाणे नव्हे, तर पाण्याप्रमाणे येतो, हे वहीच सांगू लागेल.