बडोद्याचे अकरा दिवस



आम्ही बँकेत कारकुनी करतो. अलीकडे आमच्या टेबलावर शैक्षणिक कर्जाचे अर्ज वाढले आहेत आणि त्यांत मधूनच एखाद्या अर्जाला परदेशी विद्यापीठाचे पत्र जोडलेले असते. समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी, ज्यांचे आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबले अशा घरांतील मुले राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची चौकशी करू लागली, ही साधी गोष्ट नव्हे. अशाच एका मुलीने कागद पुढे करता करता विचारले, "काका, शिकून झाल्यावर परत यायलाच पाहिजे का?" समाजाचे ऋण वगैरे शब्द आमच्या ओठांवर आले होते. पण जो कधी गेलाच नाही त्याने दुसऱ्याला परत ये म्हणणे फार सोपे असते. आम्ही गप्प राहिलो. घरी येऊन परमपूज्य बाबासाहेबांच्या परतण्याविषयी जे मिळेल ते पुन्हा वाचले. त्याचाच हा अभ्यास.

बाबासाहेबांच्या जाण्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. १९१३ साली ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला आले, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. परतण्याविषयी मात्र भाषणांत एखादे वाक्य येते. वास्तविक ते दोन वेळा परतले, आणि त्या दोन परतण्यांत पुष्कळ फरक आहे.

पहिले परतणे १९१७ चे. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती, लंडनचा अभ्यास अर्धा राहिला होता, पहिले महायुद्ध चालू होते. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली. ते 'कैसर-ए-हिंद' या बोटीने निघाले आणि ऑगस्टमध्ये मुंबईस पोहोचले. सामान व पुस्तके 'सॅल्सेट' या दुसऱ्या बोटीवर होती. ती बोट जुलैमध्येच इंग्लिश खाडीत जर्मन पाणबुडीने बुडवली. उपाशीपोटी पैसा पैसा वाचवून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. त्या सामानाची ६०० रुपये नुकसानभरपाई मिळाली, तेव्हा कुठे बडोद्यास जाण्याची सोय झाली. संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता, त्यामुळे जाणे भागच होते.

बडोद्यात काय घडले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केले. त्यात ते सांगतात की परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. स्टेशनवर उतरल्यावर मात्र एकच प्रश्न समोर उभा राहिला: जायचे कुठे? हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होते. शेवटी एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव नोंदवून, दिवसाला दीड रुपया भाड्याने ते राहिले. लहानशी खोली, बाहेर मोडक्या बाकांनी व फळ्यांनी भरलेले मोठे दालन, रात्री उजेडाला एक कंदील आणि वर फिरणारी वटवाघळे. महालेखापालाच्या कचेरीतून यायचे आणि वाचत बसायचे. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता. तो मिळेल या आशेवर दिवस ढकलणे चालू होते.

अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. आठवडाभराची मुदत मागितली, ती दिली नाही. संध्याकाळपर्यंत खोली सोडा म्हणाले. गावात दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास कोलंबियाच्या या पदवीधराने कामाठी बागेत बसून काढले. अठरा वर्षांनंतर लिहितानाही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येते, असे ते नोंदवतात.

हे वाचताना आम्हाला आमचे आठवल्याशिवाय राहात नाही. बदलीच्या गावी आम्ही खोली पाहायला गेलो होतो. खोली आवडली, भाडे ठरले, आणि शेवटी घरमालकाने आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी 'ती कालच दुसऱ्याला दिली' असा निरोप आला. खोली पुढे तीन महिने रिकामी होती, आम्ही रोज त्याच रस्त्याने कचेरीत जात होतो. बडोद्याच्या तुलनेत हे काहीच नाही, पण जात एकच.

येथे सयाजीराव महाराजांशीच संबंध आलेल्या दुसऱ्या एका विद्वानाचे परतणे ताडून पाहावे. गोव्यातील ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले धर्मानंद कोसंबी धम्माच्या ओढीने सिलोनला गेले, पाली शिकले, भारतात परतले. कलकत्त्यातील पालीची अध्यापकी सोडून महाराजांच्या महिना ५० रुपयांवर ते महाराष्ट्रात येऊन राहिले. १९१० साली हार्वर्डला गेले आणि १९१२ साली परतून फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. त्यांचा अंत ४ जून १९४७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला झाला. त्यांचा त्याग मोठाच, त्याविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु कोसंबींना पगार सोडावा लागला, बाबासाहेबांना राहायला खोलीच मिळाली नाही. दोघांचा राजाश्रय एक, देश एक, काळही जवळपास एक.

आता दुसरे परतणे. बडोदा सुटल्यावर बाबासाहेबांनी १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापकी धरली, काटकसरीने पैसे साठवले. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांचे ५००० रुपये कर्ज मिळवून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. (काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि जन्मभर मदत करणारा मित्रही पारशीच होता, हे विसरू नये.) १९२३ च्या एप्रिलमध्ये ते परतले ते बॅरिस्टर होऊन. डी.एस्सी.चा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या हरकतींमुळे अडला होता. तो येथूनच दुरुस्त करून पाठवला आणि मंजूर झाला. या ग्रंथामुळेच रिझर्व्ह बँक निघाली असे आपल्या सभांतून सांगितले जाते. बँकेतला माणूस म्हणून आम्ही एवढेच म्हणू की १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि त्याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. खरे आहे तेवढेही पुरेसे मोठे आहे.

वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे हाताशी नव्हते, तेही भथेनांनी दिले. तरीही हे परतणे वेगळे होते. वकिलाला कुणाचा हुकूम नको, सरकारी बंगल्याची वाट पाहणे नको. बडोद्याचा धडा त्यांनी असा घेतला असावा, असे आमचे मत आहे. त्या मुलीला पुढे आम्ही तेच सांगितले: परत यायचे की नाही ते तू ठरव, पण आलीस तर एकाच साहेबाच्या मर्जीवर टिकेल असे शिक्षण घेऊन येऊ नकोस.

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे विद्यार्थी वसतिगृह. ते १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात उघडले. कामाठी बागेतील त्या पाच तासांनंतर सातेक वर्षांनी आपल्या मुलांसाठी खोल्या तयार झाल्या.

अभ्यासवर्गातील विद्यार्थ्यांनी बडोद्याचे ते प्रकरण मुळातून वाचावे. अवघ्या काही पानांचे आहे, एका बैठकीत होते. मोठ्याने वाचायचे असल्यास दोघांनी आळीपाळीने वाचावे. बागेच्या भागाशी आवाज टिकत नाही, हा आमचा अनुभव आहे.