शिशुमार आणि मांसधातू : डॉल्फिनच्या मांसपेशींची सूक्ष्मरचना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'शिशुमार' वारिशय वर्गात येतो. सुश्रुताने मात्र त्यास कूर्म-कर्कटकांच्या पंक्तीस, पादिन वर्गात बसविले आहे. शिशुमार म्हणजे डॉल्फिन असा अर्थ सामान्यतः केला जातो. परंतु डॉल्फिनला पाय नसतात. सबब सुश्रुताचा शिशुमार हाच, असे आम्ही ठामपणे म्हणत नाही. कोकण किनाऱ्यावर दिसणारा डॉल्फिन आम्हा वरठीकरांस दूरचाच. तरी मांसधातूच्या अभ्यासकास तो बरेच शिकवितो.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. सुश्रुताच्या ५०० पेशी (शाखांत ४००, कोष्ठात ६६, ग्रीवेच्या वर ३४) म्हणजे मांसपेशी. शालेय जीवशास्त्रातील 'पेशी' नव्हे. तसेच आजच्या मराठीतील 'स्नायू' आणि संहितेतील स्नायू भिन्न आहेत. हा भेद न जाणता परीक्षेत उत्तरे लिहिणारे विद्यार्थी आजही आढळतात.

सूक्ष्मदर्शकाखाली डॉल्फिनची मांसपेशी प्रथमदर्शनी मानवी पेशीसारखीच भासते. लांब, दंडाकार तंतू. त्यांवर आडवे गडद-फिकट पट्टे. तंतूच्या कडेस अनेक केंद्रके. ॲक्टिनचे बारीक व मायोसिनचे जाड सूत्र परस्परांवर सरकून आकुंचन घडते, हेही तेच. सावकाश, दीर्घकाळ काम करणारे आणि शीघ्र आकुंचन पावणारे असे दोन्ही प्रकारचे तंतू येथे मिसळलेले असतात.

खरा भेद रंगात आहे. डॉल्फिनचे मांस अतिशय गडद असते, कारण प्राणवायू साठविणारे मायोग्लोबिन त्यात विपुल असते. बॉटलनोज जातीत पाठीच्या पेशीत दर १०० ग्रॅमला सुमारे अडीच ते तीन ग्रॅम, तर मानवात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. बुडी मारल्यावर श्वास बंद असताना शेपटी वरखाली हलविणाऱ्या पेशींना हाच साठा पुरतो. पाठीच्या कण्यालगतच्या भागात तो अधिक असल्याचे आढळले आहे. इतके प्रथिन दाटले तर कण एकमेकांस चिकटावयास हवेत. परंतु बुडणाऱ्या सस्तन प्राण्यांत मायोग्लोबिनच्या कणांवर धनभार अधिक असल्याने ते परस्परांस दूर ढकलतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये ज्या मायोग्लोबिनची रचना उकलली, तेही स्पर्म व्हेलचेच होते.

रक्तापासून मांसधातू पोसला जातो या सिद्धान्ताचा हा 'पुरावा' म्हणून मांडण्याचा मोह आवरावा, असे आमचे मत आहे. धातुपोषणक्रम आणि मायोग्लोबिन हे निराळ्या पातळीवरील विचार आहेत. ओढूनताणून जुळविल्यास दोहोंची हानी होते. चिकित्सेपुरते सांगायचे तर, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये डॉल्फिन संरक्षित आहे. त्याचे मांस वा तेल औषध म्हणून कोणी देऊ केल्यास वैद्यांनी ते स्वीकारू नये. बृंहणासाठी माष, क्षीर, घृत ही द्रव्ये हाताशी आहेतच.