ब्रेक आणि सुकाणू : एका दोषाचा शोध

यंत्राचा दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. चाक डुगडुगले की चाकाकडे पाहावे, दिवा विझला की दिव्याकडे पाहावे. परंतु काही दोष या समजाला चकवतात. चारही चाकांना इंजिनाची ओढ पोचविणाऱ्या जड गाडीत कधी कधी असे घडते की, एरवी हलक्या हाताने फिरणारे स्टिअरिंग चालकाने ब्रेकवर पाय ठेवताच दगडासारखे जड होते, आणि पाय उचलताच पुन्हा पूर्ववत होते. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटातून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना यातील धोका समजावून सांगावयास नको. उतारावरच्या वळणात ब्रेक आणि सुकाणू या दोहोंची गरज एकाच क्षणी पडते, आणि नेमका त्याच क्षणी हा दोष प्रकट होतो.

ब्रेक पायाशी आणि सुकाणू हाताशी. मग एकाच्या हालचालीने दुसऱ्याने का अडावे? याचे उत्तर शोधण्यापूर्वी या दोघांना मदत कोठून मिळते ते पाहू.

जड गाडीची पुढची चाके वळविण्यास मनुष्याचे हात पुरे पडत नाहीत. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली पिअर्स-ॲरो मोटारीवर तेलाच्या दाबाने चालणारे सुकाणू बसवून दाखविले. विक्रीच्या मोटारीत मात्र ही सोय १९५१ साली आली, ती क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक लहानसा पंप तेल दाबाने ढकलतो, आणि चालक चक्र ज्या बाजूस वळवील त्या बाजूस ते तेल दट्ट्याला रेटते. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच.

ब्रेकची गोष्ट थोडी निराळी. पेट्रोलच्या इंजिनात हवा आत ओढली जाताना जी पोकळी निर्माण होते, तिच्याकडून ब्रेकला मदत घेण्याची पद्धत जुनी आहे. बाहेरची हवा एका मोठ्या पडद्याला पोकळीच्या बाजूस दाबते आणि चालकाच्या पायाला जोर मिळतो. डिझेल इंजिनात अशी पोकळी आपोआप मिळत नाही. शिवाय हवेचा दाब झाला तरी किती? समुद्रसपाटीस दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंड. त्याहून अधिक मदत त्या पडद्याला मिळणे शक्यच नाही. उलट सुकाणूचा पंप गरज पडताच दर चौरस इंचाला १००० पौंडांहून अधिक दाब देतो, म्हणजे ६०-७० पट! तेव्हा याच पंपाकडून ब्रेकचेही काम का करवून घेऊ नये, असा विचार पुढे आला. १९७० च्या दशकात अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने ‘हायड्रो-बूस्ट’ नावाची अशी योजना प्रचारात आणली, आणि तेथील अनेक जड डिझेल गाड्यांत ती बसविली गेली. आपल्या दोषाचे मूळ घर बहुधा हेच.

या योजनेत पंपाचे तेल प्रथम ब्रेकच्या साहाय्यक यंत्रात जाते, तेथून सुकाणूकडे आणि मग परत टाकीत. आमच्याकडील कुळागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चटकन समजेल. झऱ्याचा पाट आधी वरच्या बागेतून वाहतो, मग खालच्या बागेत उतरतो. झरा भरपूर असेल आणि वरचा बांध धड असेल, तर दोन्ही बागा सुखाने भिजतात. पण झरा आटला किंवा वरचा बांध फुटला, तर कोरड पडते ती खालच्या बागेला. सुकाणू ही येथे खालची बाग. ती सुकलेली दिसली म्हणून तिचीच माती उकरीत बसणाऱ्याला काय सापडणार? पुष्कळदा सुकाणूचा महागडा भाग बदलूनही दोष कायम राहतो, त्याचे कारण हेच.

व्याकरणात ‘केव्हा’ हे साधे क्रियाविशेषण असेल, पण दोष शोधताना त्याच्याइतका मोलाचा शब्द नाही. ब्रेक दाबला असता गाडी बहुधा मंदावत असते, म्हणजे इंजिन हळू फिरत असते, आणि त्याच्याबरोबर पंपही. त्याच वेळी गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो. म्हणजे गरज सर्वाधिक आणि पुरवठा सर्वांत कमी, असा हा क्षण असतो. थकलेला पंप किंवा सैल पट्टा एरवी कसेबसे निभावून नेतो. येथे त्याचे पितळ उघडे पडते.

म्हणून आरंभ टाकीपासून करावा. तेल कमी असेल तर ब्रेक लागताच ते टाकीत पुढे सरकते आणि पंपाच्या तोंडी हवा जाते. पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि तेलाला फेस येतो. तेलाला करपट वास येत असेल तर तेही लक्षण ध्यानात ठेवावे. नंतर पट्टा पाहावा. ब्रेक दाबून चक्र वळविताना तो किंचाळत असेल तर तो घसरत आहे असे समजावे. तेल कमी का झाले हे पाहताना दाबाखालच्या नळीवरून हात मात्र कधीही फिरवू नये. बारीक छिद्रातून उडणारे तेल कातडीत शिरते आणि ती जखम दिसते त्याहून फार गंभीर असते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे.

यानंतरची परीक्षा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सपाट जागी, चाकांना दगड लावून करावयाची. इंजिन बंद ठेवून ब्रेकचा पायटा अनेकदा दाबावा, म्हणजे साठवलेला दाब संपतो. मग पायटा दाबून धरून इंजिन सुरू करावे. यंत्र ठीक असेल तर पायटा प्रथम खाली जातो आणि लगेच पायाला वर ढकलतो. तसे न झाल्यास साहाय्यक यंत्राला दाब मिळत नाही, किंवा ते स्वतः बिघडले आहे. पुढे, ब्रेक दाबून चक्र वळवावे आणि इंजिनाचा वेग थोडा वाढवून पुन्हा वळवावे. वेग वाढताच चक्र हलके झाले, तर संशय पट्ट्यावर व पंपावर घ्यावा. वेग वाढवूनही ते जडच राहिले, तर बहुधा ब्रेकच्या यंत्रातील झडप किंवा तिची सीले झिजून तेल आतल्या आत निसटत आहे. ही परीक्षा कुशल मिस्त्री दाबमापक लावून पक्की करतो.

पोकळीवर चालणारे ब्रेक असलेल्या पेट्रोल गाडीतही हे लक्षण दिसू शकते, पण त्याची वाट निराळी असते. तेथे पडदा फाटला की ब्रेक दाबताच इंजिनात नको असलेली हवा शिरते, इंजिन धापा टाकते, पंप मंदावतो आणि चक्र जड होते. पायट्याजवळ फुसफुस ऐकू येणे ही त्याची खूण. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत पोकळी निर्माण करणारा पंप विजेच्या जनित्राला जोडलेला असतो. तेथे सैल पट्टा ब्रेकचाही घात करतो. विजेच्या मोटारीने फिरणाऱ्या नव्या सुकाणूंची चिकित्सा अगदीच वेगळी आहे. तिला येथे हात घालीत नाही.

चारचाकी ओढीच्या गाडीबद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा पुष्कळ गाड्यांत ही ओढ चिखलापुरती किंवा वाळूपुरती जोडावयाची असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडलेली राहिली, तर वळणात पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापू पाहतात, त्यांना तशी मोकळीक मिळत नाही, आणि सुकाणू अडखळते. हा बिघाड नव्हे. ओढ दोन चाकांवर आणताच तो जडपणा गेला, तर पंपाला दोष देऊ नये.

वाटेतच हा प्रसंग ओढवला तर? सुकाणू जड झाले तरी चक्र आणि चाके यांचा लोखंडी सांधा तुटलेला नसतो. दोन्ही हातांनी जोर लावल्यास गाडी वळते. खालचा गिअर घेऊन वेग कमी करावा आणि सुरक्षित जागी थांबावे. चालत्या गाडीत किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये. तसे केल्यास दोन्ही मदती एकदम जातात आणि काही गाड्यांत चक्र कुलूपबंदही होते. हायड्रो-बूस्टमध्ये पंप थांबला तरी दोन-तीनदा ब्रेक लागेल इतका दाब साठविलेला असतो. तो पायटा पुनःपुन्हा दाबून उधळू नये.

दुरुस्तीनंतर तेलात अडकलेली हवा काढणे हे काम घाईने उरकले जाते. पुढची चाके नीट आधारावर उचलून चक्र सावकाश दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, मधून ब्रेक दाबावा, फेस दिसल्यास इंजिन बंद करून तो बसू द्यावा आणि तेल पुन्हा योग्य खुणेपर्यंत भरावे. यानंतर गाडी प्रथम मोकळ्या मैदानात, मंद वेगाने, ब्रेक दाबत वळवून पाहावी. घाटाचा रस्ता त्यानंतर.