खपली धरली म्हणजे जखम भरली नव्हे

जखम दुखत नाही आणि वर खपली धरली, म्हणजे ती बरी झाली, हा समज अनेक मधुमेहींना पाय गमावण्यापर्यंत नेतो. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. खडा रुतला, चप्पल चावली तरी कळत नाही. कुष्ठरोगातही असेच होते. वेल्लोरचे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की त्या रोगात बोटे जातात ती मुख्यतः वेदना हरपल्याने दुर्लक्षित राहिलेल्या जखमांमुळे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा अनवाणी करून आलेला मधुमेही नाशिकच्या डॉक्टरांना नवा नाही. तळव्याला चीर पडलेली असते. तिच्यात हळद-चुना भरला जातो, कुणाच्या व्हिडिओवरून टूथपेस्ट फासली जाते, मेडिकलमधून चार गोळ्या आणल्या जातात. वरून सुकलेले दिसते आणि आत पू घोट्याकडे सरकत असतो. चीर दिसताच डॉक्टरांना दाखवली असती, तर हे टळले असते.

ही बेफिकिरी जुनीच आहे. नाशिकमधल्या शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत वाचल्या जाणाऱ्या बायबलच्या जुन्या करारात इ.स.पू. आठव्या शतकातला संदेष्टा यशया यहूदाच्या समाजाला तळपायापासून डोक्यापर्यंत जखमी देह म्हणतो: पू न काढलेला, पट्टी न बांधलेला, तेल न लावलेला. देवाकडे फिरवलेली पाठ त्याला अशा देहात दिसते. सुमारे शतकानंतर दुसरा संदेष्टा यिर्मया उपचार करणाऱ्यांनाच धारेवर धरतो. वरवर मलमपट्टी करून सारे क्षेम असल्याचा निर्वाळा देणारे संदेष्टे आणि पुरोहित त्याला अधिक घातक वाटतात. भोंदू वैद्यांचे अपराधही याच जातीचे.

पू पिळणे हे मात्र आज घरचे काम नाही. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, कोरड्या निर्जंतुक पट्टीने झाकावी, धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. किरकोळ खरचटणे एवढ्याने बरे होते; घाबरण्याचे कारण नाही. पसरणारी लाली, सूज, दुर्गंधी, पू, ताप किंवा काळी पडलेली कातडी दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेहींनी पायाची कोणतीही जखम लगेच दाखवावी आणि रोज रात्री तळवे आरशात पाहावेत. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक पाय वाचतात.