मनोहरगडाला चाललास तर

झिला, आपल्या मालवणात डोंगर म्हणजे होडीतून दिसणारी निळी रेघ. मनोहरगडाला चाललास म्हणून चार गोष्टी सांगतो.

पावसाळ्यात जायचं नाही. पलीकडे आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. दिवाळी होऊ दे, गवत सुकू दे. त्याआधी गवत कमरेएवढं असतं, खालचा धोंडा डळमळता आहे की घट्ट ते पाय टाकल्यावरच कळतं.

शिवापूरला उतरलास की मोबाइलातला नकाशा खिशात ठेव आणि पायथ्याच्या वाडीतला माणूस सोबत घे. गुरांच्या वाटा आणि गडाची वाट सारखीच दिसते. पैसे आधी ठरव, फुकट कुणाला नेऊ नको. वर जाताना तो राखणदाराला गाऱ्हाणं घालील, तेव्हा हसू नको. तुझा विश्वास नसला तरी तेवढा वेळ दम खायला मिळतो.

पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेत, चपला नकोत. जांभ्याच्या सड्यावर दगडाखाली फुरसं असतं. चावलं तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचंही नाही. पाय हलू न देता उचलून खाली आणायचं आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. फुरशावर प्रतिविष असतं. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर मात्र ते नीट लागू पडत नाही, म्हणून फांदी बघूनच धर. कड्याला आग्या मोहोळ असतं, तेव्हा अत्तर, विडी आणि आरडाओरडा तिन्ही घरी ठेव.

आग्र्याहून सुटून आल्यावर 1667 मध्ये महाराज याच गडावर राहिले होते. 1845 मध्ये, गडकऱ्यांच्या बंडात, इंग्रजांनी तो घेतला. हे आठवत बुरुजावर खुशाल बस. पण समोर मनसंतोषगड दिसला की लगेच तिकडे निघू नको. जोडीचा म्हणतात, पण तिथली वाट तुटलेली आहे. दोर आणि दोर लावायला जाणता माणूस नसेल तर तो लांबूनच बघायचा.

पाणी भरपूर ने, वर मिळेल या भरवशावर राहू नको. बिस्किटांपेक्षा आपलं खाजं बरं. गूळ आणि आलं असतं, चढावर अंगाला लागतं.

दोनच्या आत उतरायला लाग. गुडघे उतरताना जातात, चढताना नाही. तिन्हीसांजेला गवे पाण्यावर येतात. गवा दिसला की वाट त्याची. फोटो काढत बसू नको, हळू मागे सर.

रांगण्याचं विचारत होतास, तो पुढल्या वर्षी. पाटगावकडून सोपा पडतो म्हणे. पडू दे. कोकणातल्या माणसानं नारूरवरूनच चढावं, असं माझं आपलं मत.