फोनवर पुस्तक कसं लावावं

मावशीचे गुडघे कुरकुरायला लागले आणि गावातल्या वाचनालयाचा जिना बंद झाला. आठवड्याला दोन पुस्तकं बदलणारी बाई. लेकानं कौतुकानं टॅब आणून दिला, तर तो तीन महिने टीव्हीशेजारी फोटोच्या चौकटीसारखा उभा. कारण एकच. व्हॉट्सॲपवर आलेली कुठलीशी पीडीएफ तिनं एकदा उघडून पाहिली होती. अक्षरं मुंगीएवढी, बोटांनी मोठी करावीत तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. ‘यापेक्षा डोळे मिटून जप केलेला बरा,’ असा निकाल देऊन ती मोकळी झाली होती. दिवाळीत मी गेलो तेव्हा अर्ध्या तासात तिला वाचनाची बैठक जमवून दिली. तीच कृती इथे देतोय. विरजण लावण्यासारखंच हे काम आहे, सुरुवातीला थोडी काळजी घेतली की पुढे आपलं आपण लागतं.

साहित्य: एक फोन किंवा टॅब, थोडा वेळ वायफाय आणि खात्याचा पासवर्ड. तिसरी वस्तू आधी शोधा. आमची पहिली वीस मिनिटं मावशीनं पासवर्ड कुठल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलाय ते पाहण्यात गेली आणि ती मी अर्ध्या तासात धरलेली नाहीत. फोन की टॅब, याचा फार विचार करू नका. कथा-कादंबरी फोनवर उत्तम वाचता येते. जुनी स्कॅन केलेली पुस्तकं, कोष्टकं, नकाशे किंवा मुलांची चित्रांची पुस्तकं असतील तर आठ-दहा इंचांचा टॅब हवा.

आता पहिली पायरी. लोक इथेच चुकतात, कारण ते ॲपपासून सुरुवात करतात. सुरुवात फायलीपासून करायची. ई-पुस्तक मुख्यतः दोन रूपांत मिळतं. पीडीएफ म्हणजे छापील पानाची तसबीर. पान जेवढं, तेवढंच ते राहणार. लहान पडद्यावर ते आक्रसतं. ईपबमध्ये मजकूर मोकळा असतो, पाणी जसं भांड्याचा आकार घेतं तसा तो पडद्याचा आकार घेतो. अक्षर मोठं केलं की ओळी नव्यानं मोडतात, काही बाहेर जात नाही. म्हणून एकच पुस्तक दोन्ही रूपांत मिळत असेल तर डोळे मिटून ईपब घ्या. मावशीचं सगळं भांडण पीडीएफशी होतं आणि शिव्या टॅब खात होता.

दुसरी पायरी, ॲप. दोनच ठेवा. एक दुकानाचं, एक घरचं. दुकानाचं म्हणजे जिथून पुस्तक विकत घेणार त्यांचं: मराठीसाठी बुकगंगा, किंडल किंवा गूगल प्ले बुक्स. बुकगंगावर घेतलेलं ई-पुस्तक बुकगंगाच्याच ॲपमध्ये उघडतं, किंडलचं किंडलमध्ये. एका दुकानाची पिशवी दुसरीकडे चालत नाही. घरचं ॲप म्हणजे इकडून-तिकडून आलेल्या फायली वाचण्याचं. अँड्रॉइडवर मी रीडएरा लावून देतो. खातं मागत नाही, जाहिराती दाखवत नाही आणि फोनवर विखुरलेल्या फायली स्वतः हुडकून एका यादीत मांडतं. आयफोन-आयपॅडवर ॲपलचं बुक्स आधीपासून असतंच. फाईल उघडून शेअरच्या चौकोनातून ‘बुक्स’ निवडलं की झालं. पाच-सहा ॲप उतरवून ठेवणाऱ्यांचं वाचन होत नाही, तुलना मात्र भरपूर होते.

तिसरी पायरी पुस्तक आणण्याची, आणि इथे जरा रेंगाळू या.

मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं मिळतात. पुस्तकाच्या पानावर वरच्या बाजूला उतरवून घेण्याची सोय असते. तिथे ईपब निवडायचं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, पण पीडीएफमध्ये. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनं मोफत पुस्तकं देतं, बालभारतीची पाठ्यपुस्तकंही उतरवून घेता येतात. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या ग्रंथांचा तर ढीग आहे. मात्र ते बहुतेक स्कॅन, एकेक फाईल पन्नास-शंभर एमबीची. तेवढ्या जागेत ईपबच्या रूपातल्या डझनावारी कादंबऱ्या मावतात.

फुकट काय आणि चोरीचं काय, हे ओळखायला एक सोपा हिशेब आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे 2010 अखेर मुदत संपली आणि 2011 पासून ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. हरिभाऊ आपटे, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक यांचं तर केव्हाच झालं. पु. ल. देशपांडे 2000 साली गेले. त्यांचे हक्क 2060 अखेरपर्यंत शाबूत आहेत. तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर ‘पुलंची सर्व पुस्तकं, पुढे पाठवा’ असं काही आलं तर ते काय आहे ते कळलं असेलच. मावशीला हे सांगितल्यावर तिनं ग्रुपवर तसं लिहूनही टाकलं. दोन भाचे आठवडाभर बोलत नव्हते.

चौथी पायरी छोटी, पण विसरू नये अशी: फाईल जागेवर ठेवणं. फोनच्या फाइल्समध्ये ‘पुस्तके’ नावाचा फोल्डर करा आणि उतरवलेलं प्रत्येक पुस्तक तिथे हलवा. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल व्हॉट्सॲपच्याच पोटात राहते; ‘जागा संपली’ म्हणून कुणी गप्पा आणि फोटो साफ केले की पुस्तकही जातं. नावही बदला. ‘डॉक्युमेंट चौदा’ या नावाची कादंबरी परत सापडत नाही.

आता पाचवी पायरी, अक्षर लावणं. पुस्तक उघडा, पडद्याच्या मध्यभागी एकदा बोट टेकवा, म्हणजे पट्टी वर येते. त्यात ‘अ’ किंवा इंग्रजी मोठं-लहान ‘ए’ असं चिन्ह असतं. ते दाबून पुढच्या गोष्टी या क्रमानं करा.

आधी आकार. टॅब मांडीवर ठेवून, मान न वाकवता वाचता येईल इतका मोठा. पानावर कमी ओळी दिसल्या तरी चालेल. वर्तमानपत्राची सवय असलेली माणसं अक्षर लाजून लहान ठेवतात. त्याची गरज नाही.

मग ओळींमधलं अंतर. बहुतेक ॲप परदेशात बनतात, त्यातलं मूळ अंतर रोमन लिपीच्या मापाचं असतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांची शेपटं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसला की डोळा अडखळतो. अंतर दीडपटीच्या आसपास न्या. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फरक याच एका गोष्टीनं पडतो.

मग कडा. दोन्ही बाजू सरळ रेषेत आणणारी मांडणी बंद करून डावीकडून लावा. मराठी शब्द लांब, प्रत्ययांसकट आणखी लांब. ‘वाचनालयातल्यांसारखं’ असा शब्द फोनच्या अरुंद ओळीत आला की ॲप उरलेल्या दोन शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी फट सोडतं.

मग फॉन्ट, आणि इथे थोडा हट्टीपणा हवा. पुष्कळदा देवनागरीचा जो फॉन्ट दिसतो तो हिंदीच्या वळणाचा असतो. ‘ल’ला पाकळ्यांऐवजी दांडी आणि ‘श’ही वेगळ्या बांध्याचा. वाचता येतं, पण शाळेत गिरवलेलं अक्षर ते नव्हे. मून प्लस रीडर, लिब्रेरा यांसारख्या ॲपमध्ये बाहेरून फॉन्ट घालता येतो. गूगल फॉन्ट्सवर ‘टिरो देवनागरी मराठी’ मोफत मिळतो, त्याचं वळण आपलं आहे आणि तो छापील पुस्तकाच्या जवळ जातो. मुंबईच्या एक टाइपनं केलेला ‘मुक्त’ही तिथेच आहे, साधा, ठसठशीत, लहान पडद्यावर स्वच्छ दिसणारा.

फॉन्ट लावला की तपासून घ्या. कोऱ्या फायलीत हे शब्द लिहा आणि त्याच ॲपमध्ये उघडा: कुऱ्हाड, दऱ्याखोऱ्या, वाङ्मय, लक्ष्मी, ॲप. ‘कुऱ्हाड’मधला अर्धा र नीट कोयरीसारखा दिसला आणि ‘ॲ’च्या जागी चौकोन आला नाही, तर फॉन्ट पास. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली, त्यामुळे जुन्या फायलींत ते अ वर चंद्र ठेवून केलेलं असतं. याचा एक उपद्रव असा की पुस्तकात ‘ॲ’चा शब्द शोधायला जावं तर ॲप सांगतं, असा शब्द नाही, डोळ्यांना समोर दिसत असला तरी. ‘ऱ्या’चंही तेच, तो दोन प्रकारे टंकता येतो. शोधात सापडलं नाही तर अशा अक्षराशिवायचा जवळचा शब्द टाकून पाहा.

उजेड आणि रंग ज्याचे त्यानं ठरवावेत. रात्री काळ्यावर पांढरं काहींना आवडतं. मावशीला फिकट पिवळसर पान आवडलं. ‘ज्ञानेश्वरीच्या पोथीसारखं’, म्हणाली. पडदा लवकर विझू नये म्हणून विझण्याची वेळ दहा मिनिटांवर न्या. आणि वाचताना विमान मोड लावा. नाहीतर रहस्य उलगडायच्या क्षणी ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं फूल वर येतं.

पीडीएफच नशिबी असेल तर? तर तिच्याशी तह करायचा. एक, ॲपमध्ये पानाच्या कडा कापण्याची सोय शोधा. छापील पानाचा कोरा समास गेला की अक्षर बरंच मोठं होतं. दोन, टॅब आडवा धरा आणि पान उलटण्याऐवजी खाली सरकवत वाचा. तीन, स्कॅनमध्ये समोरासमोरची दोन पानं एकत्र असतील तर रीडएरामध्ये एकेक पान सुटं दाखवण्याची सोय आहे. फोनवर स्कॅन वाचू नका, एवढंच सांगतो. मी एक चरित्र तसं वाचलं; डोकेदुखीशिवाय त्यातलं काही आठवत नाही.

पुस्तक ऐकायचं असेल तर अँड्रॉइडमधला गूगलचा आवाज मराठी वाचतो. सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घ्यावा लागतो. उच्चार सपाट, पण स्वयंपाक करताना चालून जातो. स्कॅनमध्ये अक्षरंच नसतात, चित्र असतं, तेव्हा तिथे तो मुका. काही पीडीएफ दिसायला छान मराठी असतात तरी तो भलतंच बरळतो. त्या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या असतात. आत इंग्रजी अक्षरं आणि वर देवनागरीचा मुखवटा. ओळखायची युक्ती: एक ओळ उचलून कुणाला संदेशात टाका. इंग्रजी चिन्हांचा काला दिसला तर तो फॉन्ट जुना. तसली फाईल फक्त डोळ्यांनी वाचायची.

अडलेल्या शब्दावर बोट दाबून ठेवलं की कोश उघडतो म्हणतात. मराठीच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल दक्षिण आशियाई ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. ती दोन पानं ब्राउझरमध्ये खूण करून ठेवा.

शेवटची पायरी, जपणूक. ‘पुस्तके’ फोल्डरची प्रत महिन्यातून एकदा ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर टाका. विकत घेतलेल्या बहुतेक पुस्तकांचं तसं करता येत नाही, कारण तुम्ही पुस्तक नव्हे, वाचायचा परवाना घेतलेला असतो. 2009 मध्ये ॲमेझॉननं काही ग्राहकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परत काढून घेतली होती, हक्काचा घोळ होता म्हणून. त्यात एक ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ होती, हे जुळवूनही जुळलं नसतं. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी पुस्तक संगणकावर उतरवून तारेनं किंडलमध्ये घालण्याची सोयही बंद केली. म्हणून माझा नियम असा: एकदाच वाचायचं ते ई-पुस्तक घ्यावं, पुन्हा पुन्हा काढायचं ते कागदावर घ्यावं.

मावशीनं दिवाळीपासून अकरा पुस्तकं संपवली आहेत. ती शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे विकिस्रोतावरच्या पुस्तकांतल्या चुका तिला खड्यासारख्या लागतात. एकदा फोन करून म्हणाली, ‘अरे, इथे अख्खं वाक्य खाल्लंय, कुणाला सांगायचं?’ कुणाला सांगायला नको, तिथे आपणच दुरुस्त करू शकतो. एका बाजूला मूळ पानाचं स्कॅन असतं, दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर. छापल्याबरहुकूम तो जुळवायचा, जुनं शुद्धलेखनही तसंच ठेवून. तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. मावशी आता रोज दुपारी दोन पानं करते. मराठी टंकता येणाऱ्या आणि दुपार मोकळी असणाऱ्या आणखी माणसांची तिथे गरज आहे. तुम्हाला जमत असेल तर या.