घरी बांधलेले विमान कसे सुरू करतात?

विमान म्हटले की मोठा विमानतळ डोळ्यांपुढे येतो. पण एक-दोन माणसांपुरते लहान विमान काही हौशी लोक घरीच बांधतात. अमेरिकेत अशी हजारो विमाने आहेत. कुणी ते मोटारीच्या शेडमध्ये बांधतो, कुणी शेतावरच्या कोठारात. आपल्याकडेही मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले.

तुम्ही म्हणाल, "आमचं काय काम त्या विमानाशी?" काम आहे. ज्याने विहिरीवरच्या इंजिनाला हँडल मारले आहे, त्याला हा धडा लगेच समजेल. इंजिन विमानाचे असो की पाण्याचे, ते सुरू होते तो क्षण धोक्याचा असतो.

पंखा दिसत नाही

विमानाच्या तोंडाशी लाकडाचा किंवा धातूचा पंखा असतो. इंजिन अगदी हळू चालले तरी पंखा मिनिटाला आठशे-हजार फेरे घेतो. मग पाती दिसेनाशी होतात. समोर नुसती हवा आहे असे वाटते. त्या हवेत हात गेला तर हात गेला. डोके गेले तर माणूस गेला.

पुष्कळ विमानांत बॅटरीवर इंजिन सुरू होते. चालक चहूकडे पाहतो. "पंख्यापासून दूर!" असे मोठ्याने ओरडतो. क्षणभर थांबतो, आणि मगच बटण दाबतो. पण काही साध्या विमानांत बॅटरी नसते. तिथे एक जण हाताने पंख्याला झटका देतो. १९०३ साली राइट बंधूंनी पहिले विमान उडवले, तेव्हाही पंखे हातानेच ओढले होते.

बटण बंद, तरी ठिणगी

बॅटरी नाही, मग ठिणगी कुठून येते? इंजिनाला मॅग्नेटो नावाचे यंत्र असते. त्यात चुंबक फिरते आणि वीज तयार होते. बटण बंद केले की ही वीज एका तारेने इंजिनाच्या अंगात जिरते. म्हणून ठिणगी पडत नाही. पण ती तार तुटली तर? बटण 'बंद' दाखवते, आणि ठिणगी पडतच राहते. मग नुसता पंखा हलवला तरी इंजिन सुरू होऊ शकते. म्हणून जाणता माणूस पंख्याला नेहमी जिवंत समजतो. बंद सापालाही कुणी शेपटी धरून ओढत नाही!

काम कसे करतात?

१. तेल पाहतात. टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढतात. पाणी असले तर ते खाली बसते व दिसते.

२. जागा कोरडी व टणक निवडतात. खडी नको, पंखा खडे उडवतो. मुले आणि कुत्री दूर ठेवतात.

३. बैलगाडीच्या चाकाला दगड लावतो, तसे चाकांना ठोकळे लावतात. शेपटी दोराने खुंटीला बांधतात.

४. आत जाणताच माणूस बसतो. तो ब्रेक धरतो. इंजिनाला पेट्रोल फार थोडे सोडतो. जास्त सोडले तर विमान एकदम पळू लागते. आत कुणी नसले तर त्याला आवरणार कोण?

५. मग दोघांचे बोलणे होते.
"बटण बंद?"
"बंद!"
बाहेरचा माणूस दोन-चार वेळा पंखा फिरवतो. पेट्रोल आत ओढले जाते. तो मागे सरतो.
"बटण चालू?"
"चालू!"
आता तो पाय घट्ट रोवतो. तळवे पात्यावर सपाट ठेवतो. बोटे पात्याच्या कडेला अडकवत नाही. खाली झटका देतो आणि त्याच दमात मागे होतो.

६. इंजिन लागले की चालक तेलाच्या दाबाचा काटा पाहतो. अर्ध्या मिनिटात काटा उठला नाही तर इंजिन बंद करतो.

पाठ असले तरी वाचावे

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन शहराजवळ एका नव्या मोठ्या विमानाची परीक्षा होती. चालक निष्णात होते. पण विमान उभे असताना शेपटीची पाती हलू नयेत म्हणून अटकाव लावतात, तो काढायचा राहिला. विमान वर गेले आणि कोसळले. दोन माणसे दगावली. त्यानंतर वैमानिकांनी कामांची यादी कागदावर लिहिली. आजही मुरलेला वैमानिक ती यादी समोर धरून एकेक ओळ वाचतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

तुम्हीही आता वाचू-लिहू लागला आहात. तुमच्या इंजिनाची यादी करा आणि शेडच्या भिंतीवर लावा. पहिल्या दोन ओळी अशा लिहा: 'हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा; इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो.' 'धोतराचा सोगा, पदर पट्ट्यापासून दूर.' पुढच्या ओळी तुमच्या अनुभवाच्या.

प्रश्न

१. बटण बंद असूनही पंखा धोक्याचा का?
२. चाकांना ठोकळे का लावतात?
३. तुमच्या इंजिनासाठी पाच ओळींची यादी लिहा.